सुवार्ता ही उचल नव्हे



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार जगभरची ख्रिस्तसभा मिशन रविवार म्हणून पाळते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ मध्ये ही प्रथा सुरू केली. या दिवशी आपण प्रार्थना करतो, दानपेटीत यथाशक्ती टाकतो आणि घरी जातो. परंतु मिशन म्हणजे केवळ दूर कुठेतरी पाठवायचे पैसे नव्हेत. आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने धर्मशिक्षकाचे शिक्षण घेऊन वाडी-तांड्यावर जावे, असा विषय निघाला की आपल्या घरांत वेगवेगळे प्रश्न उठतात. आई विचारते, "पोटापाण्याचं काय?" वडील विचारतात, "दिवस कसे आहेत, कुणी काही बोललं तर?" आणि एखादा कॉलेजात शिकणारा तरुण त्याहून अवघड प्रश्न विचारतो : "ज्यांनी आपल्याला बोलावलं नाही, त्यांच्या दारात आपण जायचंच कशाला?"

हा तिसरा प्रश्न उद्धटपणाचा नाही, तो विवेकबुद्धीचा आहे. त्याला सरळ उत्तर दिल्याशिवाय कोणालाही प्रशिक्षणाला पाठवणे योग्य नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून आज थोडा विचार करू.

पहिला स्थानिक मिशनरी

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रांतातील एका माणसाची हकीकत आहे. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा तो माणूस प्रभूने बरा केला. त्याला येशूबरोबर होडीत बसून जायचे होते. प्रभूने नको म्हटले. आपल्या घरी, आपल्या लोकांत जा आणि देवाने तुझ्यावर केलेली दया त्यांना सांग, अशी त्याला आज्ञा झाली. बारा शिष्यांना प्रभूने घरदार सोडायला लावले, याला मात्र घरी परत पाठवले. स्थानिक मिशनरी म्हणतात तो हाच. त्याला भाषा शिकावी लागली नाही. त्याचे पूर्वीचे हाल गावाने पाहिले होते आणि आताचे शहाणपणही गावच पाहणार होते. त्याची साक्ष खोटी असती तर ती पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

ख्रिस्तसभेला हे पटायला वेळ लागला. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये भारतातील धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी कँडी येथे सेमिनरी स्थापन केली. भारताच्या तारणाचे सेवक भारताचेच पुत्र असतील, असा तिच्या बोधवाक्याचा आशय आहे. तीच सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली. १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मशिक्षकांच्या कामाची व त्यांच्या योग्य प्रशिक्षणाची गरज स्पष्टपणे मांडली. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला प्रापंचिकांचे अधिकृत सेवापद म्हणून मान्यता दिली.

आपल्या भागात मात्र हे सेवापद कागदावर येण्याच्या खूप आधीपासून होते. लोक त्याला 'मास्तर' म्हणत. नगर जिल्ह्यात केंदळसारख्या गावी जर्मन येशूसंघीय धर्मगुरू काम करीत होते. तिथूनच १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले. गोदावरीच्या अलीकडे घोगरगाव परिसरात संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या मंडळाचे मिशनरी आले. या परदेशी धर्मगुरूंची नावे आपल्याला माहीत आहेत. परंतु पायी हिंडून, चावडीपासून दूर असलेल्या वाड्यात रात्री कंदील लावून मुलांना मुळाक्षरे व प्रार्थना शिकवणारे, आजारी माणसाजवळ बसणारे, धर्मगुरू महिनोन् महिने आले नाहीत तरी रविवारची प्रार्थना चुकू न देणारे ते मास्तर होते. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांनी येशूचे नाव प्रथम ऐकले ते अशाच मराठी तोंडून.

'न पोहोचलेले' कोण?

मिशनविषयीच्या पुस्तकांत एक शब्द वारंवार येतो : सुवार्ता 'न पोहोचलेले' समाज. हा शब्द जपून वापरला पाहिजे. देव तिथे पोहोचला नाही असा त्याचा अर्थ घेतला तर तो ख्रिस्ती शिकवणुकीला धरून नाही. दुसऱ्या शतकात संत जस्टिन यांनी शिकवले की देवशब्दाचे बीज ख्रिस्तापूर्वीच्या ज्ञानी माणसांतही पेरलेले होते. व्हॅटिकन परिषदेने तोच विचार पुढे नेला. मग पोहोचले नाही ते कोण? देव पोहोचलेला आहे, पोहोचलो नाही ते आपण.

आपल्या तालुक्यापासूनच पाहा. तांड्यावरच्या बंजारा बांधवाला मराठी उत्तम कळते, पण त्याच्या घरात आई लेकराला गोरबोलीतच निजवते. डोंगरपट्ट्यातील भिल्ल, गावकुसाबाहेर पाल ठोकून राहिलेला पारधी, दगड फोडणारा वडार, जायकवाडीच्या पाण्यात गाव गेल्यामुळे दुसरीकडे वसलेली कुटुंबे, या प्रत्येकाचे दुःख वेगळे, देव वेगळे, भीती वेगळी. आणि ऊसतोड कामगार? दसरा-दिवाळीच्या सुमारास ते घर सोडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. रविवारी दहा वाजता चर्चची घंटा वाजवून ज्यांची वाट पाहावी ते त्या वेळी शेकडो किलोमीटरवर फडात कोयता चालवत असतात. त्यांच्यापर्यंत जायचे तर वेळापत्रक त्यांचे धरावे लागेल, आपले नव्हे.

ऊसतोडीच्या व्यवहारातला एक शब्द आपणां सर्वांना ठाऊक आहे : 'उचल'. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो. लग्न असते, दवाखाना असतो, घरात दाणा नसतो. माणूस उचल घेतो. देणारा त्या वेळी उपकारकर्ताच वाटतो. पण उचल घेतली की 'नाही' म्हणता येत नाही. अंगात ताप असला तरी फडावर जावे लागते.

आमच्या मते मिशनच्या नीतीचा सगळा प्रश्न या एका शब्दाशी येऊन थांबतो. आपली शाळा, आपले औषध, आपले धान्य ही मदत आहे की उचल? मदत घेणाऱ्या माणसाला उद्या 'तुमचा धर्म मला नको' असे मोकळेपणाने म्हणता येते का? येत असेल तर ती प्रीती. येत नसेल तर तिला कितीही पवित्र नाव दिले तरी ती उचलच.

आक्षेप ऐकून घेऊ

महात्मा गांधींचा मिशनऱ्यांवरचा मुख्य आक्षेप हाच होता. सेवा करा, पण सेवेच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवू नका, असे ते सांगत. हा आक्षेप ऐकून आपण चिडण्याचे कारण नाही, कारण ख्रिस्तसभेची शिकवण याहून वेगळी नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट केले की श्रद्धा ही इच्छेची कृती आहे. ज्यांनी ती कधी स्वीकारलेली नाही त्यांच्यावर ती लादता येत नाही. व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. मिशनकार्यावरच्या दस्तऐवजात तर कोणालाही जबरदस्तीने, आमिषाने किंवा फसव्या युक्त्यांनी श्रद्धेकडे ओढण्यास सक्त मनाई केली आहे.

देशाच्या कायद्याचीही बाजू समजून घ्यावी. घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात निर्णय दिला की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. योगायोगाने आपला औरंगाबाद धर्मप्रांतही १९७७ मध्येच स्थापन झाला. या निकालावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. परंतु श्रद्धेच्या बाजूने पाहिले तर त्यातील एक गोष्ट आपण मान्यच करतो : माणूस माणसाचे मनःपरिवर्तन करीत नाही. सांगणे आपल्याकडे, पालट घडवणे पवित्र आत्म्याकडे, आणि स्वीकारणे त्या माणसाच्या मोकळ्या मनाकडे.

याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. गरीब, अशिक्षित माणूस धर्माचा विचार स्वतः करूच शकत नाही, तो धर्म बदलतो तो केवळ पोटासाठी, असे म्हणणे हा त्या माणसाचा अपमान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास व विचार केला आणि त्यांच्यामागून लाखो गरीब माणसे स्वतःच्या पायांनी चालत गेली. माणसाला भाकरीइतकीच प्रतिष्ठेचीही भूक असते, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.

आपल्या पूर्वजांना 'दुष्काळातले ख्रिस्ती' म्हणून हिणवले जाते, तेव्हा हेच ध्यानात ठेवावे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनमध्ये भयंकर होते. त्या काळात मिशनच्या दारात अन्नासाठी माणसे आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांतील काही पाऊस पडल्यावर परत गेली असतील. त्यांना तो अधिकार होता. पण जी राहिली ती धान्य संपल्यावरही राहिली, गावाने वाळीत टाकले तरी राहिली, शंभर वर्षांनी आपण इथे मिस्साला उभे आहोत तोवर राहिली. केवळ भाकरीसाठी कोणी चार पिढ्या राहत नाही. तरीही प्रश्न उरतोच : भुकेल्याला त्या वेळी मोकळेपणाने 'नाही' म्हणता आले असते का? तो प्रश्न पूर्वजांच्या श्रद्धेवर संशय घेण्यासाठी नव्हे. आज आपण ज्यांना पाठवणार आहोत त्यांच्या हाताला शिस्त लागावी म्हणून विचारायचा आहे.

मग शिकवायचे काय?

प्रशिक्षण म्हटले की बायबलचे पाठ, प्रवचनाची पद्धत, गीते, रजिस्टर लिहिणे असे डोळ्यांपुढे येते. ते सर्व लागतेच. पण त्याआधी चार गोष्टी शिकवाव्यात असे आम्हांला वाटते.

पहिली, भाषा. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, तेव्हा इथे पैठणात संत एकनाथ हयात होते. पाचच वर्षांनी, १५८४ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्टीफन्स यांनी कोकणी व मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले, तेही ओवीत. येशूची कथा त्यांनी मराठी माणसाच्या कानाला सरावलेल्या चालीत आणली. त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. धर्म तोच, प्रदेश तोच. एकाने लोकांची भाषा तोंडी घेतली, दुसऱ्याने लोकांच्या तोंडातून ती काढून घ्यायचा प्रयत्न केला. फर्मान इतिहासजमा झाले, क्रिस्तपुराण आजही वाचले जाते. तांड्यावर जाणाऱ्या आपल्या मुलाने आधी गोरबोली शिकावी. ती शिकताना त्याला तिथल्या म्हाताऱ्यांकडे विद्यार्थी म्हणून बसावे लागेल, आणि तेच त्याचे खरे प्रशिक्षण ठरेल.

दुसरी, पाहुणेपण. प्रभूने बहात्तर शिष्यांना पाठवले ते थैली व पायतणाशिवाय. ज्या घरी जाल तिथे जे वाढतील ते खा, असे सांगितले. शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने आधी तिच्याकडे पाणी मागितले, मग जीवनाच्या पाण्याविषयी सांगितले. जो केवळ देतो आणि कधी घेत नाही तो हळूहळू मुकादम होतो. तांड्यावरचा चहा, भिल्लाच्या घरची भाकरी आदराने घेता आली पाहिजे. आपल्या पैठणात तर अन्नाचा हा धडा जुना आहे. श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढल्याबद्दल नाथांनी रोष पत्करल्याची कथा इथल्या लहान मुलालाही माहीत असते. अशा गावच्या ख्रिस्ती तरुणाने शेजाऱ्याच्या संतांविषयी अनादराने बोलावे, हे त्याच्या अज्ञानाचे लक्षण ठरेल. शेजाऱ्याची श्रद्धा त्याने अभ्यासावी. तिची नक्कल नको आणि निंदाही नको.

तिसरी, पैशाचा हिशेब. धर्मशिक्षकाला योग्य मानधन मिळालेच पाहिजे. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या २३१ व्या कलमाने प्रापंचिक सेवकांचा हा हक्क मान्य केला आहे. आईचा 'पोटापाण्याचं काय' हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे आणि त्याची जबाबदारी धर्मग्रामाची आहे. परंतु मानधन माणसांच्या संख्येवर कधीही ठरू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. परक्या पैशाच्या आधाराशिवाय मराठी माणसाला ख्रिस्त आपला वाटावा, ही त्यांची तळमळ होती. टिळक प्रॉटेस्टंट होते. पण त्यांचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. तसेच औषध-धान्य वाटणारा हात आणि स्नानसंस्काराची तयारी करून घेणारा हात शक्यतो एक नसावा. मदतीच्या यादीत धर्माचा रकाना नसावा.

चौथी, आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे 'नाही' ऐकणे. शुभवर्तमानात श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला. प्रभूने त्याच्यावर प्रीती केली, पण त्याच्यामागे धावून अट सैल केली नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य सोडून गेले, तेव्हा प्रभूने उरलेल्या बारांनाही जाण्याची मोकळीक दिली. देवाचा पुत्र ज्याला 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य देतो, त्याच्याकडून ते काढून घेणारे आपण कोण?

या धड्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. संत जोसेफ वाझ १६५१ मध्ये बाणावली येथे जन्मले. ते कोकणी मायबोलीचे, भारतात शिकलेले धर्मगुरू होते. डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेल्या श्रीलंकेत ते १६८७ मध्ये गुप्तपणे, गरीब मजुराच्या वेषात गेले. तमिळ व सिंहली शिकले. कँडीच्या राज्यात हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, माणसे आपल्या आजाऱ्यांना टाकून पळू लागली, तेव्हा फादर वाझ घरोघरी जाऊन धर्म न विचारता रोग्यांची शुश्रूषा करू लागले. राजा विमलधर्मसूर्य त्यांच्यावर प्रसन्न होता, पण तो शेवटपर्यंत बौद्धच राहिला. फादर वाझ यांची सेवा त्यामुळे उणी झाली नाही आणि राजाचा आदरही कमी झाला नाही. १७११ मध्ये कँडीतच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. आपल्या धर्मशिक्षकाच्या खोलीत एखादे चित्र लावायचे असेल तर ते त्यांचे असावे.

मग जायचेच कशाला?

कोणी म्हणेल, देव सगळीकडे आधीच पोहोचला आहे, माणसाला नकाराची पूर्ण मोकळीक द्यायची आहे, शेजाऱ्याच्या श्रद्धेचा आदर करायचा आहे. मग घरी बसून चांगले वागले तर पुरेसे नाही का?

पुरेसे नाही, असे आम्ही म्हणतो. आणि कारण साधे आहे. ज्याच्या घरी आनंदाची बातमी आली तो शेजाऱ्याचे दार ठोठावतो. पेढा घेतलाच पाहिजे अशी सक्ती कोणी करीत नाही, पण पेढा लपवून ठेवणाऱ्यालाही आपण शेजारधर्म कळला असे म्हणत नाही. आणि पारध्याच्या पालावर, फडातल्या कोपीवर सगळेच जातात : मुकादम जातो, सावकार जातो, निवडणुकीत पुढारी जातो, कधी पोलीस जातो. 'तू देवाचे लेकरू आहेस, तुझी किंमत तुझ्या कोयत्यावर ठरत नाही,' हे सांगायला, कसलीही उचल न देता, कोणी जाऊ नये काय? आदर म्हणून गप्प राहणे आणि पर्वा नाही म्हणून गप्प राहणे, या दोन्ही गप्पा बाहेरून सारख्याच दिसतात. आतून त्या वेगळ्या आहेत, हे ज्याचे त्याने तपासावे.

शोमरोनी स्त्रीच्या कथेचा शेवट पाहा. तिने गावाला सांगितले, गाव आले, दोन दिवस प्रभूजवळ राहिले. मग गावकरी तिला म्हणाले की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. तिचे काम तिथे संपले, आणि त्यातच ते पूर्ण झाले. आपल्याशिवाय ज्यांचे चालेल अशी माणसे उभी करणे आणि बाजूला होणे, ही स्थानिक मिशनऱ्याची पदवी परीक्षा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामातून कोणी तरुण-तरुणी या सेवेसाठी पुढे आल्यास त्यांना अडवू नका. पण घाईने ढकलूही नका. आधी त्यांनी एक हंगाम नुसते ऐकावे. जी कुटुंबे फडावर जातात त्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि लेकरांची विचारपूस करावी, वही-पेन न घेता. ते परत आल्यावर आपण त्यांना 'किती जण आले?' असे विचारू नये. 'कोण कसे आहे?' असे विचारावे. आणि त्यांचा दरमहाचा खर्च धर्मग्रामाने उचलावा, म्हणजे त्यांना कोणाची उचल घ्यावी लागणार नाही आणि कोणाला द्यावीही लागणार नाही.

आपल्याला देवाने जे दिले ते फुकट दिले. ते तसेच पुढे देण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.

आपले धर्मगुरू